कांदा न खाता वाचलेली कादंबरी

आमच्या सोसायटीच्या हॉलसाठी एक छापील फॉर्म आहे. ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या मथळ्याखाली त्यात पाच चौकोन आहेत: बारसं, वाढदिवस, हळदीकुंकू, पारायण, शोकसभा. यांतल्या एकावर खूण केल्याशिवाय कोपरखैरण्यातल्या आमच्या सात मजली इमारतीत माणसांना एकत्र बसता येत नाही. वाचनाचा चौकोन नाही.

“टेन्शन नका घेऊ मॅडम,” सेक्रेटरी म्हणाले. “कुठल्याही एकावर टिक मारा.”

“पण आम्हाला एका कादंबरीकाराच्या कादंबऱ्या पुन्हा वाचायच्या आहेत. मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून.”

“ते आहेत की गेले?”

“गेले.”

“मग शोकसभा टाका ना.”

“त्यांना जाऊन पन्नास वर्षं होत आली.”

सेक्रेटरींनी खरोखर विचार केला. “नाही बसणार,” ते म्हणाले. “शोकसभा तेराव्याच्या आत लागते.”

कल्पना बाईंची होती. बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्या कादंबरीकाराची सगळी पुस्तकं त्यांच्या लोखंडी कपाटात आहेत, आणि त्यातली निम्मी आता बाजारात मिळत नाहीत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरातही ते कधी घेतलं जायचं नाही. ‘आपला कादंबरीकार’ एवढंच म्हणायचे. मिठागरातली माणसं, खाडीवरची माणसं, गोदीतली माणसं त्यानं लिहिली. त्यानं आयुष्यात एकाही देवाला हात जोडले नाहीत, आणि पोथ्या वाचून पोट भरणाऱ्यांवर तर एक अख्खं प्रकरण खर्च केलं.

माझ्यासाठी हा वाचनाचा हट्ट आबांपायी होता. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या डोक्यावरून वाहण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि त्या पस्तीस वर्षांत कामगारांची जवळजवळ सगळी पत्रकं त्यांनी लिहिली. मी त्या पत्रकांवर वाढले. आमच्या घरात डब्यांखाली पत्रकं, फळ्यांवर पत्रकं, माझ्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं. मला अक्षरओळख झाली तीच ‘बंधूंनो’ या शब्दानं. तिसरीत ‘माझी आई’ हा निबंध मी असा सुरू केला होता: ‘बंधू-भगिनींनो! माझ्या आईवर होणारा अन्याय यापुढे सहन केला जाणार नाही!’ शाळेनं आईला बोलावून घेतलं. आई मात्र तो कागद नीट घडी घालून घरी घेऊन आली.

प्रत्येक पत्रकाच्या शेवटी आबा एकच ओळ लिहायचे: ‘मिठागरातल्या त्या गड्यासारखे शेवटपर्यंत फाटकाबाहेर उभे राहा!’ तो गडी आपल्या कादंबरीकाराच्या कादंबरीतला. मिठागराचा मालक मजुरी कापतो, गडी संप करतो, फाटकाबाहेर उभा राहतो. मार्केटात दुपारच्या सुट्टीत एकजण ती मोठ्यानं वाचायचा आणि चाळीस हमाल भाकरी खात ऐकायचे. पण त्या प्रतीत वीसच प्रकरणं होती. एकविसावं फाटलेलं.

आता आबांच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. माणूस ओळखू येतो, अक्षर दिसत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ‘आहे तेवढं जपा’ म्हणून सांगितलं, त्या दिवशी रिक्षात ते मला म्हणाले, “ते शेवटचं परकरण तेवढं एकदा ऐकायचंय बग.”

“मी वाचून दाखवते घरी.”

“एकट्यानं न्हाई. मी पुस्तक एकट्यानं कधी ऐकलेलं न्हाई. चार माणसांत ऐकीन.”

मी हो म्हटलं आणि रिक्षाबाहेर बघू लागले. कारण ते प्रकरण मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचलेलं होतं. शेवटी तो गडी फाटकाबाहेर उभा राहत नाही. तो आत जातो. संप मोडून, कागदावर अंगठा उठवून, सगळ्यांच्या आधी आत जातो. ते वाचून मी लायब्ररीत पुस्तक इतक्या जोरात मिटलं होतं की मला बाहेर काढलं. ज्या ओळीवर आबांनी पस्तीस वर्षं माणसं उभी केली, ती ओळ कादंबरीत नव्हतीच. हे मी त्यांना आठ वर्षं सांगितलेलं नव्हतं.

फॉर्म भरायच्या दिवशी बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शांतपणे ‘पारायण’वर खूण केली.

“बाई! त्या माणसाचं पारायण? तो उठून बसेल!”

“बसू दे की. सात दिवस हॉल मिळतो. एकवीस प्रकरणं आहेत, रोज तीन.” त्या सेक्रेटरींकडे वळल्या. “संध्याकाळी सात ते साडेआठ. वाचणार ही. माझा आवाज आता पोचत नाही.”

मी गप्प बसणारी नव्हे. मी रात्रीच्या आत एक पत्रक लिहिलं, ‘चौकोनात कोंडलेलं साहित्य!’, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला जाण्याआधी बेचाळीसच्या बेचाळीस फ्लॅटच्या दारांखालून आत सरकवलं. साहित्याला धर्माच्या चौकोनात बसवणाऱ्या नियमाचा त्यात जाहीर निषेध होता. परिणाम एवढाच झाला की हॉलमध्ये सोमवारपासून सात दिवसांचं पारायण आहे हे बेचाळीस घरांना कळलं.

आम्ही तिघं येणार होतो. एकोणीस जण आले. हात जोडून आले. पुढे चौरंग होता, त्यावर लाल कापड, तांब्या, आंब्याची पानं, आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, बाईंची बाइंडिंग सुटलेली कादंबरी.

हे सगळं मांडणाऱ्या आजी तिसऱ्या मजल्यावरच्या. इमारतीतल्या प्रत्येक पारायणाच्या त्या अधिकारी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वाचणारी तू?”

“हो. पण आजी, हे पारायण नाही. ही कादंबरी आहे. मिठागर कामगारांच्या शोषणाची.”

“असू दे. ग्रंथ कुठलाही असो, नियम तेच. वाचणारा बदलायचा नाही. वेळ चुकवायची नाही. पूर्वेला तोंड. कांदा-लसूण वर्ज्य. आणि मध्ये खंड पडला, तर परत पहिल्यापासून.”

“परत पहिल्यापासून? पण का?”

“अर्धवट वाचलेलं घरात राहतं,” आजी म्हणाल्या, घरात राहिलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. 

मी अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला.

“कांदा म्हंजे, ऐकणाऱ्यांनीबी?”

“ऐकणाऱ्यांनी पाळला तर चांगलं.”

माझे आबा कांद्याशिवाय जेवत नाहीत. सकाळी भाकरी-कांदा, दुपारी कांदा, रात्री आमटीत कांदा असला तरी शेजारी कांदा. मार्केटात पस्तीस वर्षं डोक्यावर वाहिलेलं हेच एक पीक त्यांनी मनापासून खाल्लं.

“सात दिवस नव्हं? चालतंय,” ते म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसले.

घरी मी भडकले. “आबा, तुम्ही आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढली!”

“काढली.”

“आणि आता कांदा सोडताय?”

“आगं, हॉल त्यांचा, चौरंग त्यांचा, हार त्यांचा. आपलं काय हाय त्यात? गोष्ट. ती ऐकायची आसंल तर कांद्यानं काय आडतंय?” आणि त्यांनी भाकरीबरोबर मीठ घेतलं.

पहिलं पारायण चौथ्या दिवशी मोडलं. त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी हॉल चुकून एका वर्षाच्या मुलाच्या वाढदिवसालाही दिला होता. मी दहाव्या प्रकरणात, मालकाचे गुंड खाडीतून येतात त्या ठिकाणी होते, आणि दारातून फुगेवाला, केकवाला आणि स्पीकरवाला आला. आम्ही जागा सोडली नाही. अर्धा तास मी स्पीकरवर मात करून वाचत होते. शोषणाच्या वर्णनाला मागून वाढदिवसाचं गाणं. शेवटी ते मूल रांगत चौरंगापाशी आलं आणि त्यानं कादंबरीवर केकचा हात ठेवला.

“खंड,” आजी म्हणाल्या.

“कुठे खंड? मी थांबलेच नाही!”

“ग्रंथाला अंड्याचा हात लागला.”

सोमवारी परत पहिलं प्रकरण. आबांनी परत कांदा सोडला. खरं म्हणजे मधल्या तीन दिवसांत धरलाच नव्हता. “कशाला सवय मोडायची,” म्हणाले.

दुसऱ्या खेपेला प्रकरण माझ्या हातातून गेलं. पहिल्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरवाला राहतो, ऐरोलीच्या कंपनीत आहे. पारायणाच्या पहिल्या दिवशी मनात संकल्प करायचा असतो असं आजींनी सांगितलं, तेव्हा त्यानं डोळे मिटून काहीतरी मागितलं होतं. पाचव्या दिवशी त्याला कंपनीनं ऑनसाइट, म्हणजे परदेशी, पाठवायचं ठरवलं. तो पेढे घेऊन आला आणि चौरंगावर ठेवून कादंबरीला वाकून नमस्कार केला.

“सर, ती कादंबरी भांडवलशाहीविरुद्ध आहे,” मी म्हणाले.

“पॉवरफुल आहे, मॅडम,” तो म्हणाला. “दीड वर्ष अडकलेली फाइल आहे ही.”

सहाव्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. ऐरोलीहून त्याच्या टीममधले चौघं आले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक ट्रान्सपोर्टवाले आले. त्यांच्या गाडीचं पासिंग आरटीओत अडकलं होतं. मला खाली उतरायला पाच मिनिटं होती. मी ग्रंथ छातीशी आणि आसन काखेत धरून आमच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले, आणि लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली.

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. मला जिन्यावरून पायऱ्या चढणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. सात वाजले. मी ठरवलं, हार मानायची नाही. आतूनच सुरू केलं. “प्रकरण सोळावं!” हळूहळू अख्खा हॉल वर आला आणि जिन्यावर बसला. आबांना कुणीतरी हात धरून आणलं. त्यांच्या चपला मी ओळखल्या. मी अर्धा तास वाचलं, जाळीतून, जिन्यातल्या बल्बच्या उजेडात. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी सभा होती. मग लिफ्टवाला आला आणि मला खाली उतरवलं.

आजी तिथेच उभ्या. मला वाटलं, आता तरी.

“आसन सुटलं,” त्या म्हणाल्या.

“आसन लिफ्टमध्ये होतं! मी त्यावर बसले होते!”

“पूर्वेला तोंड होतं का?”

लिफ्टचं दार पश्चिमेला आहे. मी संतापून बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. “मला तर परत ऐकायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “दर वेळी मला दहाव्या प्रकरणात काहीतरी नवीन सापडतं.”

त्या रात्री जेवताना मला स्वतःची लाज वाटेल अशी एक गोष्ट लक्षात आली. परत पहिल्यापासून म्हटल्यावर मी भांडले होते खरी, पण आतून मला हायसं वाटलं होतं. शेवटचं प्रकरण आणखी आठ दिवस पुढे गेलं होतं. आबा समोर मिठाशी भाकरी खात होते. दोन आठवड्यांत त्यांनी कांद्याला हात लावला नव्हता, आणि हे सगळं ते ज्यासाठी करत होते, ते ऐकल्यावर त्यांच्या पस्तीस वर्षांच्या ओळीचं काय होणार होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेला मी शेवट बदलायचा विचार केला. आबांना अक्षर दिसत नाही. मी पानाकडे बघत म्हणू शकत होते, ‘आणि तो उभाच राहिला.’ पण बाई डोळे मिटून प्रत्येक वाक्य ओठांत म्हणत असायच्या. आणि आबांचाच नियम होता: पत्रकात आवाज वाढवायचा, माहिती वाढवायची नाही. माझ्यानं ते होणार नव्हतं.

सात दिवस काहीच बिघडलं नाही. वाढदिवस नाही, लिफ्ट नाही, वीजसुद्धा गेली नाही. मी वाट पाहत होते, पण व्यवस्था, जी एरवी प्रत्येक गरिबाच्या कामात खोडा घालते, ती त्या आठवड्यात चोख चालली.

शेवटच्या दिवशी हॉल दारापर्यंत भरला होता. आजींनी उद्यापनाचा शिरा करून आणला होता. मी एकोणिसावं वाचलं, विसावं वाचलं. फाटकाबाहेर अकरा माणसं उरलेली, कुणाच्याही घरात दाणा नाही, आणि पहाट होते आहे, इथे ते संपतं. मार्केटातली प्रत इथेच संपायची. मी पान उलटलं. आबा पुढे सरकून बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, गोणी उचलण्याआधी ठेवतात तसे.

मी पुस्तक मिटलं.

“मला एक कबूल करायचंय,” मी म्हणाले. “आज दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी कांदाभजी खाल्ली.”

असा सन्नाटा मी कुठल्याही निषेध सभेत ऐकलेला नाही.

“किती?” आजींनी विचारलं.

“एक प्लेट.”

“देवा!” आजी खाली बसल्या. “खंड. परत पहिल्यापासून.”

“एक मिनिट,” सॉफ्टवेअरवाला उठला. “भजीतला कांदा शिजलेला असतो. म्हणजे टेक्निकली तो...”

“टेक्निकली काय? कांदा तो कांदा!”

“माझ्या गाडीचं काय?” ट्रान्सपोर्टवाले मागून ओरडले. “पासिंग उद्या आहे!”

“परत सात दिवस हॉल नाही मिळणार,” सेक्रेटरी म्हणाले. “बारसं बुक आहे. जुळी आहेत.”

सगळे एकदम बोलू लागले. त्या गोंधळात आबा उठले. खुर्च्यांच्या पाठी चाचपत ते चौरंगापर्यंत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“आ कर.”

“आबा...”

“आ कर म्हनलं.”

मी तोंड उघडलं. कादंबरीसमोर, तांब्यासमोर, पन्नास माणसांसमोर माझ्या बापानं माझ्या तोंडाचा वास घेतला. मग सरळ उभे राहिले आणि हॉलकडे वळले.

“हिनं कांदा खाल्लेला न्हाई.”

“तुम्हाला नक्की कळलं?” आजींनी संशयानं विचारलं.

“आजी, पस्तीस वरसं कांद्यात गेली माझी. खाल्ला आसता तर नाशकाचा का लोणंदचा, तेबी सांगितलं आसतं.” ते परत माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणला. पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. “खोटं कशापायी बोललीस?”

माझा सगळा आवेश कुठे गेला, कळलं नाही. “आबा, तो शेवटी बाहेर उभा नाही राहत,” मी म्हणाले. “तो...”

“आत जातोय. म्हाईत हाय मला.”

“कसं माहीत?”

“ते परकरण मीच फाडलं.”

बाईंनी डोळे उघडले. पुस्तक फाडणाऱ्याला त्यांनी वर्गात आयुष्यभर माफ केलेलं नव्हतं.

“संपाच्या आधी,” आबा म्हणाले. “मार्केटात आमचा संप ठरला हुता. दुपारी ही कादंबरी चालू. मी आदल्या दिवशी म्होरं काय हाय ते बगायला पान उलटलं, तर गडी फाटकातनं आत चाललेला. एकच पान वाचलं. डोस्कं सणकलं. चाळीस माणसं उद्या संपाला उभी ऱ्हानार, आन् ह्यो लिवणारा ह्येला आत घालतोय! सगळं परकरण टराटरा फाडलं आन् गेटावरच्या चणेवाल्याला दिलं. त्यानं दोन दिवस त्यात चणं इकलं. पोरांनी माझ्याच हातनं ते चणं खाल्लं.”

कुणी हसलं नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांना हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

“एकच पान वाचलं,” आबा परत म्हणाले. “तो आत का जातोय, ते मी वाचलंच न्हाई. तेवढं ऐकायचंय. वाच.”

आजींनी तांब्यातलं पाणी हातावर घेऊन माझ्यावर शिंपडलं. “खोटं बोलण्यानं खंड पडत नाही,” त्यांनी जाहीर केलं. “नाहीतर आजवर एक पारायण पुरं झालं नसतं. चल.”

मी वाचलं. ते प्रकरण सहा पानांचं आहे. कॉलेजमध्ये मी ते रागानं वाचलं होतं, म्हणजे मीसुद्धा वाचलं नव्हतंच. गडी पहाटे एकटा फाटकापाशी जातो. आतला मुनीम कागद पुढे करतो. गडी अंगठा उठवतो. मुनीम विचारतो, बाकीचे कुठे? गडी म्हणतो, येतील दुपारपर्यंत. कुणीतरी आधी आल्याशिवाय ते यायचे नाहीत. आता त्यांना शिव्या घालायला एक माणूस आहे, म्हणजे लाज त्यांच्यावर यायची नाही. मग तो पाटी घेतो आणि मीठ भरायला लागतो. एकेक करून बाकीचे दहा येतात. प्रत्येक जण त्याच्या शेजारून जाताना थुंकतो. तो मोजतो. दहा झाल्यावर पाटी डोक्यावर घेतो.

एवढंच.

मी पुस्तक मिटलं. आजींनी घंटा वाजवली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडलेले होते हे मला नंतर बाईंनी सांगितलं, आणि मी ते अजून मान्य केलेलं नाही.

“आता फलश्रुती,” आजी म्हणाल्या. “पारायण पुरं झालं. ज्याचा संकल्प फळला, त्यानं सांगायचं.”

सॉफ्टवेअरवाल्यानं हात वर केला, पण त्याचं सगळ्यांना माहीत होतं. आजींनी आबांकडे पाहिलं. “तुम्ही काय मागितलं होतं?”

आबांनी तोंड हॉलकडे वळवलं. मग म्हणाले, “तेवीस दिवस चालला आमचा संप. येकाच्या घरात पोरगी आजारी. दुसऱ्यानं बायकोचं डोरलं इकलं. कुणीच पयलं जाईना. चोवीसाव्या दिवशी सकाळी मी आत गेलो. गोणी उचलली. दुपारपातुर सगळी आली.” त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. “मला वाटलं हुतं, मी भ्यालो म्हणून गेलो.”

मला तेव्हाची ती वर्षं आठवली. मी खूप लहान होते. आमच्या खोलीवर माणसं यायची बंद झाली होती, दिवाळीत शेजारून ताट आलं नव्हतं. मी समजत होते की आबा फार कडक आहेत म्हणून लोक घाबरून येत नाहीत. त्या समजावर मी माझा अर्धा स्वभाव बांधला आहे.

आजींनी शिऱ्याचा पहिला द्रोण आबांच्या हातात दिला. “फळलं तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि रांग सुरू झाली.

वर जाताना आबांनी लिफ्ट नको म्हटलं. जिन्यावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

“मग त्यानंतरच्या पत्रकांत ती ओळ का लिहिलीत?” मी विचारलं. “तुम्ही स्वतः आत गेलेला होतात. तो जातो हेही माहीत होतं. तरी प्रत्येक पत्रकात तो बाहेरच उभा.”

दुसऱ्या मजल्यावर ते दम घ्यायला थांबले. “म्हनलं, मी गेलो तर गेलो. त्यो तरी उभा राहू दे.”

माहिती वाढवायची नाही, हा नियम मला शिकवणारा हा माणूस. मी त्यांना ते ऐकवणार होते. नाही ऐकवलं.

घरात शिरल्यावर ते थेट स्वयंपाकघरात गेले. टोपलीत हात घालून त्यांनी एक कांदा काढला, अंगठ्यानं दाबून पाहिला, परत ठेवला, दुसरा काढला. मी सुरी दिली.

“सुरी नगं.”

त्यांनी कांदा ओट्यावर ठेवला आणि वरून एक बुक्की मारली. ओट्यावर अंथरलेला कागद एका जुन्या पत्रकाचा होता. तो रसानं भिजला. आबांनी कांद्याचे दोन भाग केले. मोठा स्वतः घेतला, दुसरा माझ्यापुढे धरला.

“खा,” ते म्हणाले. “आन् उद्या आजीनं इचारलं तर खरं सांग.”